सैल बांधा, तिरके निजा

थंडी सुरू झाली की आमच्या किनाऱ्यावर तंबू उगवतात. नागाव, रेवदंडा, काशीद, दिवेआगर, शनिवारी संध्याकाळी कुठेही जा, सुरूच्या झाडांपुढे वाळूत निळ्या-केशरी तंबूंची रांग लागलेली असते. मुंबई-पुण्याची मंडळी हौसेने येतात, शेकोटी पेटवतात, गाणी म्हणतात. रविवारी सकाळी तीच मंडळी चहाच्या टपरीवर येतात तेव्हा कुणी पाठ चोळत असतो, कुणी कानातली वाळू काढत असतो. त्यांचा टपरीवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, इथे खोली कुठे मिळेल?"

गेल्या हिवाळ्यात माझा पुण्याचा भाचा मित्रांना घेऊन काशीदला आला. मलाही ओढून घेऊन गेला. म्हणाला, "मामू, तंबू तीनच आहेत. तुम्ही कुठे झोपणार?" मी म्हटले, "माझी झोळी मी आणली आहे." मुले हसली. पहाटे पाहतो तर दोन तंबूंतली मुले बाहेर वाळूवर चादर पसरून बसलेली. आत कोंदटले होते, वरून थेंब ठिबकत होते. मी मात्र दोन झाडांच्या मध्ये चांगला सहा तास झोपलो होतो. त्या सकाळी मुलांनी मला जे जे विचारले, त्याची उत्तरे आज तुम्हाला सांगणार आहे. मात्र ही विद्या मला हौसेने आलेली नाही. ती पडून आलेली आहे.

३ जून २०२० ही तारीख आम्ही रायगडकर विसरणार नाही. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड तालुक्यातल्या आमच्या घराची अर्धी कौले तासाभरात गेली. वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. टाळेबंदीमुळे बाहेरून मदतीला येणे कुणालाही सोपे नव्हते. घरात कोरडी अशी एकच खाट उरली, ती अम्मीला दिली. जमीन ओलीगच्च. तिच्यावर एक रात्र काढली आणि सकाळी कंबर सरळ होईना.

तेव्हा मला माळ्यावरची वळकटी आठवली. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्हीत होते. कोकणातले बरेच मुसलमान तरुण तेव्हा त्या आरमारात भरती होत. जहाजावर दादा कापडी झुल्यात झोपत. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाड शिडाच्या कापडाचा तसाच एक झुला स्वतः शिवला होता. तो मी काढला आणि पडवीच्या दोन खांबांना बांधला. पोक येऊ नये म्हणून दोरी अगदी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. कापड सपाट दिसले तेव्हा समाधान वाटले. मग मी त्यावर बसलो. कापड फाटले नाही, दोरी तुटली नाही. उजवीकडचा लाकडी खांबच तळखड्यावरून दोन बोटे आत सरकला आणि मी माकडहाडावर कोब्यावर आलो. पुढे महिनाभर मला नीट बसता आले नाही.

मोबाइलचा टॉवर सुरू झाला तेव्हा भाच्याला हा प्रकार सांगितला. तो इंजिनीअर आहे. तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "मामू, तुम्ही झोपायला झुला नाही बांधलात. खांब ओढायला यंत्र बांधलंत."

त्याने समजावले ते असे. दोघांनी पाण्याने भरलेली बादली दोन बाजूंनी उचललेली तुम्ही पाहिली असेल. दोघे जवळ उभे असले की हात खाली सरळ राहतात आणि ओझे सहज पेलते. तेच दोघे लांब लांब सरकले, हात आडवे होऊ लागले, की बादली तेवढीच असूनही हात उखडायची वेळ येते. वजन पेलते ते फक्त वरच्या दिशेचे ओढणे. दोरी जितकी आडवी, तितका तिचा जोर खांबांना एकमेकांकडे ओढण्यात वाया जातो. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, पण हे आकडे मी पाठ केले आहेत. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक टोकावर माणसाच्या वजनाएवढाच ताण येतो. माझे वजन ७० किलो, म्हणून ७० किलो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण २०० किलोंच्या वर जातो. ५ अंशांवर ४०० किलो! माझी दोरी जवळजवळ आडवीच होती. शंभर वर्षांच्या खांबाने तरी काय करावे?

खरे तर यात नवीन काही नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाची झोळी घरोघरी बांधली जाते. जुने सुती लुगडे वाशाला लावतात आणि बाळ त्याच्या पोटात निजते. कोणतीही आई ती झोळी ताणून बांधत नाही. हॅमॉक म्हणजे मोठ्या माणसाची झोळीच. झोपाळ्याला फळी लागते, पाळण्याला लाकूड लागते, झोळीला फक्त कापड आणि ढील. जुन्या काळी कोकणात माणसांना वाहून नेणारी मंचील याच जातीची. रायगडच्या डोंगरातल्या, रस्ता नसलेल्या आदिवासी वाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या आजही आपण वाचतो. तिथे ती हौस नसते, नाइलाज असतो.

'हॅमॉक' हा शब्द मात्र लांबून आला. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथल्या ताईनो लोकांची टांगलेली सुती अंथरुणे त्याने पाहिली. त्यांचा शब्द होता 'हमाका'. स्पॅनिश खलाशांनी वस्तू उचलली आणि तिच्याबरोबर शब्दही उचलला. पुढे इंग्रजी आरमाराने ती आपलीशी केली. तिथे एका खलाशाला झुला टांगायला अवघी १४ इंच रुंद जागा मिळे. सकाळी सगळे झुले घट्ट गुंडाळून कठड्यावरच्या जाळीत रचत. लढाईत बंदुकीच्या गोळ्या अडवायला त्यांचीच भिंत होई. दादा सांगायचे, "जहाज डोलतं, झुला डोलत नाही." लहानपणी मला ते कोडे वाटे. जहाज कलले तरी टांगलेली वस्तू सरळ खाली लोंबते, एवढाच त्याचा अर्थ.

आता प्रश्न असा की किनाऱ्यावर तंबू का नको? तंबू वाईट नाही. सह्याद्रीच्या पठारावर, जिथे वारा बोचतो आणि झाड नसते, तिथे तंबूच हवा. आमच्या किनाऱ्यावर मात्र हवा दमट. दोन माणसे बंद कापडात रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे अंगावर ठिबकते. वाळूत खुंट्या धरत नाहीत. त्या धरायला पिशवीत वाळू भरून ती पिशवी पुरावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय सपाट वाळू शोधता शोधता तंबू पाण्याकडे सरकत जातो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री गाशा गुंडाळावा लागतो. झुल्याला झाडे लागतात, त्यामुळे तो आपोआपच भरतीच्या रेषेच्या वर राहतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपला जिल्हा विंचवांचा आणि सापांचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून दाखवले आणि असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती याच मातीतल्या कामासाठी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा कळतही नाही. चांगल्या तंबूची चेन नीट लावलेली असेल तर तोही रक्षण करतो, पण चेन लावली की पुन्हा कोंदटते. जमिनीपासून हातभर वर, चारी बाजूंनी मच्छरदाणीत झोपलेला माणूस या धोक्यापासून पुष्कळ दूर असतो. फक्त चपला-बूट खाली ठेवू नका. ते दोरीला अडकवा आणि सकाळी झाडून घाला. इतके करूनही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात.

आता बांधायचे कसे ते सांगतो. झाडे चार ते पाच मीटर अंतरावर असावीत, म्हणजे साधारण सहा-सात पावले. पट्टा झाडाला आपल्या डोक्याच्या थोडा वर गुंडाळावा. ३० अंश मोजायला यंत्र नको. तर्जनी आणि अंगठा काटकोनात ताणून तर्जनी आडवी धरा. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी कल्पित तिरकी रेघ जाते, तशी पट्ट्याची उतरण दिसली पाहिजे. झुल्याचे पोट मधोमध छान लोंबले पाहिजे. त्यात बसल्यावर कापड जमिनीपासून हातभर वर आणि तळवे जमिनीला टेकलेले, एवढी उंची पुरे. त्याहून उंच बांधण्यात पराक्रम नाही, फक्त पडताना जास्त लागते.

दोन झाडांतले अंतर रोज बदलते, म्हणून दर वेळी ढील नव्याने जमवावी लागते. त्यावर एक उपाय आहे. झुल्याच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवायची. कापड जितके लांब, त्याच्या ८३ टक्के लांबीची. १० फुटी झुल्याला ही दोरी ८ फूट ४ इंचांची. मग झाडे कुठेही असोत, झुल्याचे पोट तेवढेच राहते. याच दोरीवर मच्छरदाणी टाकता येते आणि चष्म्याची पिशवीही अडकवता येते.

पुढची चूक सगळेच करतात. झुल्यात लोक डोके एका टोकाला आणि पाय दुसऱ्या टोकाला करून मधोमध निजतात. मग पाठ केळ्यासारखी वाकते, गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात आणि सकाळी झुल्याला शिव्या बसतात. आधी मध्यावर आडवे बसा, मग पाय थोडे डावीकडे आणि डोके थोडे उजवीकडे नेऊन तिरके पडा. काय गंमत होते पाहा! सैल कापड तिरक्या अंगाखाली पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट होते. ताणलेल्या झुल्यात असे तिरके होताच येत नाही, कापडाच्या दोन्ही कडा आत वळतात आणि माणूस शेंगेतल्या दाण्यासारखा अडकतो. सपाट झोपायचे असेल तर सैल बांधावे लागते, हे मला पन्नाशीनंतर कळले. पायांकडची बाजू वीतभर उंच ठेवा, म्हणजे रात्रभर घसरत खाली जाणार नाही.

झुल्यात थंडी खालून लागते. जानेवारीत आमच्याकडे पारा सतरा-अठरा अंशांवर उतरतो. ही काही मोठी थंडी नव्हे, पण पाठीखालून वारा वाहत असला की ती झोंबते. अंगाखाली कितीही पांघरुणे घाला, अंगाच्या वजनाने ती दबतात आणि त्यांच्यातली ऊब धरणारी हवा निघून जाते. म्हणून गोधडी झुल्याच्या आत न घालता खाली बाहेरून, नाड्यांनी सैलसर लटकवा. तिच्यात आणि कापडात हवा राहते आणि पाठ ऊबदार राहते. डासांनाही ती अडवते, नाहीतर पातळ कापडातून ते खालून सोंड खुपसतात.

वर दवासाठी ताडपत्री हवी. ती कोणत्या बाजूला खाली ओढायची? संध्याकाळी वारा समुद्राकडून येत असतो, म्हणून नवखा माणूस समुद्राकडची बाजू बंद करतो आणि निर्धास्त झोपतो. पण शाळेतला भूगोल आठवा, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि वारा उलटतो. पहाटेचा तो मतलई वारा डोंगरावरून उतरून थेट उघड्या बाजूने आत येतो. म्हणून झोपताना जमिनीकडची बाजू खाली ओढा. ताडपत्रीबाहेर राहिलेल्या पट्ट्यावर दव साचते आणि ओघळत आपल्यापर्यंत पोचते. झुल्याच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधा, पाणी तिथूनच खाली गळून जाईल.

आता झाडाविषयी. हे मी शेवटी सांगतो आहे, पण करायचे सर्वांत आधी. नारळाला झुला बांधू नका. फळ दीड-दोन किलोंचे आणि पडणार चाळीस-पन्नास फुटांवरून. वाळलेली झावळही कमी नाही. सुरू चांगला, पण 'निसर्ग'ने शेकडो सुरू आडवे केले आणि जे उभे राहिले ते सगळेच धड आहेत असे नाही. सुरूची मुळे वाळूत फार खोल नसतात. बुंधा कललेला, मुळांखालची वाळू वाहून गेलेली, वर वाळकी फांदी अडकलेली, असे झाड सोडून द्या. बुंधा मांडीपेक्षा जाड हवा. दोन्ही हातांनी जोराने ढकलून पाहा. जमिनीपाशी वाळू हलली तर दुसरे झाड शोधा.

आणि दोरी वापरू नका. झाडाचे अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून खाली मुळांकडे जाते. बारीक नायलॉनची दोरी माणसाच्या वजनाने तो थर कापते. एका रात्रीत झाड मरत नाही, पण काशीदच्या एकेका झाडाला दर शनिवारी कुणी ना कुणी दोरी बांधतो. सालीचा पुरता वेढा कापला गेला की मुळे उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. दोन बोटे रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा घ्या, खाटेच्या नवारीसारखा दिसणारा. नायलॉनचा नको, तो ओलसर हवेत रात्रभर ताणत जातो आणि पहाटे आपण जमिनीवर असतो. पट्ट्याखाली गोणपाटाची घडी घाला. वाडी कुणाची असेल तर मालकाला, लागवड वन खात्याची असेल तर त्यांना विचारा. वादळाने जी झाडे सोडली ती आपण दोरीने मारू नयेत, एवढीच विनंती.

झुला सर्वांसाठी नाही हेही सांगतो. ज्यांना उठता-बसता आधार लागतो त्यांनी, आणि तान्ही मुले कुशीत घेऊन झोपणाऱ्यांनी त्यात झोपू नये. एका झुल्यावर दुसरा टांगू नये. आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात आकाश गडगडू लागले तर झाडाखाली क्षणभरही थांबू नका. तेव्हा तंबूही कामाचा नाही, पक्के घर किंवा बंद गाडी गाठा.

आमच्या घराची कौले पुन्हा बसली. दादांचा झुला धुऊन, वाळवून पुन्हा माळ्यावर ठेवला आहे. इतक्या जुन्या कापडावर आता भरवसा नको. माझा नवा झुला अर्ध्या किलोचा आहे आणि मुठीत मावतो. पडवीचा तो खांब मात्र अजून दोन बोटे कललेलाच आहे. सुतार दर वर्षी म्हणतो, सरळ करून देतो. अम्मी म्हणते, "राहू दे. आता वजन पेलतोय ना?" कोणी पाहुणा आला की ती आधी खांब दाखवते, मग माझ्याकडे बोट करते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)